फ्रुक्टोज, गाठ आणि मावशीची द्राक्षं

गोदाकाठची (धागाकर्ती), मंगळवार रात्री १०:४०

मंडळी, मी एरवी वाचनमात्र असते. आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

माझी मावशी निफाडजवळच्या एका गावात राहते. घरची तीन एकर द्राक्षबाग आहे. गेल्या पावसाळ्यात तिला स्तनाचा कर्करोग निघाला. दिवाळीआधी ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. दर तीन आठवड्यांनी नाशिकला येते आणि चार-पाच दिवस माझ्याकडे इंदिरानगरला राहते. खचणाऱ्यातली नाही. पहिल्या केमोनंतर केस गेले तर म्हणाली, "तेलाचा खर्च वाचला."

मागच्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला. वर लाल दिवे, खाली हात जोडलेले. "अमेरिकेत सिद्ध झाले! फ्रुक्टोजमुळे कॅन्सरची गाठ दुप्पट वेगाने वाढते. फळातील साखर म्हणजे फ्रुक्टोज. आजच द्राक्षे, केळी, आंबा बंद करा." झालं. मावशीने त्या दिवसापासून फळाला हात लावलेला नाही. आत्ता ऐन हंगाम, बागेत घड लटकलेत, मुलगा सकाळी ताजी पेटी घेऊन येतो आणि ती तोंड फिरवते. काल रात्री मला म्हणाली, "बाई, जन्मभर विषच पिकवलं का गं मी?"

यात खरं किती? डॉक्टरांना विचारलं तर "सगळं खा" एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. त्यांचीही चूक नाही, बाहेर ही गर्दी होती.

---

टवाळ_टाळकं, मंगळवार रात्री १०:५२

आमच्याकडेही आला होता. फक्त आमच्या मेसेजात फ्रुक्टोजऐवजी पनीर होतं आणि खाली नासाचं नाव. (हलके घ्या, ताई. मावशींना लवकर बरं वाटू दे.)

---

काळारामाजवळ, मंगळवार रात्री ११:१५

साखर पांढरं विष आहे हे आम्ही तीस वर्षं सांगतोय, कोणी ऐकत नाही. मावशींना गूळ द्या, मध द्या. नैसर्गिक गोडाने काही होत नाही. आमच्या लहानपणी पंचवटीत घुंगरू वाजलं की रसवंतीवर धाव असायची, कुणाला झाला होता तेव्हा कॅन्सर?

---

पिपेटराव, बुधवार सकाळी ६:२०

ताई, त्या मेसेजात एक खरा अभ्यास आहे, पण त्याचं पार भरीत केलंय. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या, आता निवृत्त आहे, सकाळी वेळ असतो. त्यामुळे हेही पाल्हाळ.

मूळ काम सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातलं. गॅरी पॅटी यांच्या गटाने केलेलं, डिसेंबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. त्यांनी मेलॅनोमा (त्वचेचा कर्करोग), स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या प्राण्यांना (उंदीर आणि मासे) फ्रुक्टोज भरपूर असलेला आहार दिला. गाठी भराभर वाढल्या, काही ठिकाणी वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त. तेवढं मेसेजात बरोबर आहे. विशेष म्हणजे प्राण्यांचं वजन वाढलं नव्हतं, इन्सुलिनही बिघडलं नव्हतं. म्हणजे "गोड खाल्लं, जाड झाले, म्हणून गाठ वाढली" हे सरळ उत्तर इथे लागू पडत नाही.

मग त्यांनी कर्करोगाच्या पेशी बशीत घेऊन त्यांना थेट फ्रुक्टोज पाजलं. पेशी ढिम्म. फ्रुक्टोज फोडायला केटोहेक्सोकायनेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं, त्याचा जो जोरकस प्रकार यकृतात असतो तो या पेशींकडे नव्हताच. बशीत शेजारी यकृताच्या पेशी ठेवल्या आणि चित्र पालटलं. यकृताने फ्रुक्टोज फोडलं, त्यापासून स्निग्ध पदार्थ बनवले आणि बाहेर सोडले. त्यातल्या लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन (पुढे एलपीसी म्हणतो, नाहीतर माझी बोटं मोडतील) या पदार्थावर गाठीने ताव मारला. पेशी दुभंगायची तर नवं आवरण लागतं, आणि एलपीसी म्हणजे त्या आवरणाचा जवळपास तयार माल.

भाताच्या साळी कोणी तशाच खात नाही. घोटीच्या मिलमधून सडून तांदूळ होऊन आल्या की सगळे पान मांडून बसतात. इथे मिल म्हणजे यकृत, आणि पानावर बसलेली गाठ.

आता मेसेजने काय गाळलं ते बघा. यात उंदरांना दिलं होतं ते हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, म्हणजे अमेरिकेत थंड पेयांपासून सॉसपर्यंत सगळीकडे घातला जाणारा मक्याचा गोड पाक. त्याने रक्तातले काही एलपीसी सातपटीहून जास्त वाढले. द्राक्षाचा एक मणीही कोणी उंदराला दिला नव्हता. आणि केटोहेक्सोकायनेज औषधाने अडवलं तर फ्रुक्टोजने होणारी गाठीची वाढ थांबली. माझ्या मते पुढे ही सगळ्यात कामाची गोष्ट ठरेल. त्यावर मात्र कोणी लाल दिव्यांचा मेसेज करत नाही.

काळारामकाका, राग मानू नका. साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. गूळ मुख्यतः तीच साखर. मधात तर फ्रुक्टोजचं प्रमाण ग्लुकोजपेक्षा जास्त. यकृताला ते उसातून आलं की पोळ्यातून, काही कळत नाही.

---

गोदाकाठची, बुधवार सकाळी ८:०५

पिपेटराव, दोनदा वाचलं. तांदळाची मिल मावशीला लगेच कळेल. पण मग द्राक्षातही फ्रुक्टोज असतंच ना?

---

बागाईतदार, बुधवार सकाळी ९:३०

मी पिंपळगावचा. ताई, मावशींना माझा रामराम सांगा.

हे असले मेसेज हंगामातच का येतात हो? एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मध्ये डाऊनी, भुरीसारखे रोग, अवकाळी. रात्र रात्र जागून माल उभा करायचा, आणि कोणीतरी मोबाइलवर अंगठा मारून विष म्हणून मोकळा. व्यापारी पेटी उचलायच्या आधी रिफ्रॅक्टोमीटरवर रस टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी बघतो. १८ लागला तर हसतो, १५ लागला तर भाव पाडतो. म्हणजे गोडी आहे म्हणून तर धंदा आहे. ती नाकारून कसं चालेल? म्हणून पिपेटराव, मलाही सरळच उत्तर द्या. द्राक्षात किती?

---

पिपेटराव, बुधवार सकाळी ११:१०

सरळच देतो. १०० ग्रॅम द्राक्षात साधारण १५-१६ ग्रॅम साखर, त्यातली सुमारे ८ ग्रॅम फ्रुक्टोज. फळांमध्ये हे जास्तच म्हणायचं. बेदाण्यात पाणी उडून गेल्यामुळे १०० ग्रॅमला ३० च्या आसपास, म्हणून बेदाणे मूठभर खातात, वाटीभर नाही.

पण किती खाल्लं याइतकंच किती वेगाने पोटात गेलं यालाही महत्त्व आहे. प्रिन्स्टनच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं की फ्रुक्टोज थोडं असेल तर लहान आतडंच ते बहुतेक सगळं निपटतं, त्याचं ग्लुकोज वगैरे करून पुढे पाठवतं. भडिमार झाला की आतड्याचा हात अपुरा पडतो आणि उरलेलं यकृताकडे वाहतं. आणि पोटात आधी अन्न असेल तर आतडं हे काम आणखी चांगलं करतं.

द्राक्ष चावावं लागतं, सालीसकट हळूहळू जातं, वीस-पंचवीस मण्यांत माणसाचं मन भरतं. थंड पेयाची बाटली दोन मिनिटांत रिकामी होते. 'जेवणानंतर फळ' म्हणणाऱ्या आजीने हे संशोधन वाचलं नव्हतं, एवढंच.

---

संशयात्मा, बुधवार दुपारी १:४५

उंदीर, मासे, बशीतल्या पेशी. उंदराचा कर्करोग आपण गेली कित्येक वर्षं बरा करतोय. माणसात काय पुरावा आहे? की नुसती गिरणीची गोष्ट?

---

पिपेटराव, बुधवार दुपारी ४:३०

रास्त प्रश्न. माणसांत असा प्रयोग करताच येत नाही. गाठ असलेल्या बाईला मुद्दाम सिरप पाजून बघायला कोण परवानगी देईल? त्यामुळे लोक काय पितात ते लिहून घ्यायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. फ्रान्समध्ये एक लाखाहून जास्त लोकांचा असा पाठपुरावा २०१९ मध्ये 'बीएमजे'त आला. रोजचं गोड पेय १०० मिलीने जास्त, तर कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्के जास्त दिसला. बिनसाखरेचा, शंभर टक्के फळांचा रसही त्यातून सुटला नव्हता. अमेरिकेतल्या नर्सेसच्या अभ्यासात (२०२१) दिवसाला दोन किंवा जास्त गोड पेयं पिणाऱ्या बायकांत पन्नाशीच्या आतला आतड्याचा कर्करोग दुपटीहून थोडा अधिक आढळला.

आता तुमच्याच बाजूने बोलतो. त्या नर्सेस होत्या ९५ हजारांवर, आणि असे कर्करोग निघाले १०९. "दुप्पट" ऐकून छाती धडधडते, पण लहान आकड्याची दुप्पट लहानच असते. शिवाय रोज दोन बाटल्या पिणाऱ्याच्या बाकीच्या सवयी वेगळ्या असतात. हिशोबात कितीही वजाबाकी केली तरी त्या पूर्ण जात नाहीत.

आणखी एक. हे दोन्ही अभ्यास 'कर्करोग होतो का' याचे आहेत. 'असलेली गाठ वाढते का' हा प्रश्न वेगळा, आणि तिथे आपल्या हातात मुख्यतः प्राणीच आहेत. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेलं कामही तसलंच. आतड्यात गाठी याव्यात म्हणून जनुक बदललेले उंदीर, त्यांना रोज थोडंसं कॉर्न सिरप, माणसाच्या हिशोबात दिवसाला एक कॅन. गाठी मोठ्या झाल्या आणि जास्त वाईट प्रतीच्या झाल्या. तिथे आतड्यातली गाठ फ्रुक्टोज स्वतःच वापरत होती, यकृताची मिल लागलीच नाही. म्हणजे प्रत्येक गाठीची वाट वेगळी. "साखरेने कॅन्सर वाढतो" असं एका ओळीत लिहिणाऱ्यावर माझा विश्वास नाही, आणि "काही होत नाही" म्हणणाऱ्यावरही नाही.

---

संशयात्मा, बुधवार दुपारी ४:४१

ठीक. तलवार म्यान.

---

सातपूरकर, बुधवार संध्याकाळी ७:२०

थोडं आमच्या बाजूचं. मी अंबड एमआयडीसीत बिस्किटांच्या क्वालिटी कंट्रोलला बावीस वर्षं काढली.

कॉर्न सिरप अमेरिकेचं, कारण तिकडे मका उदंड. स्टार्चपासून ग्लुकोज करायचं, मग विकराने त्यातलं निम्मंशिम्मं फ्रुक्टोज करायचं. पेयांसाठीचं साधारण ५५ टक्क्यांचं, बेकरीसाठी ४२ चं. आपल्याकडे ऊस आहे, कारखाने आहेत, त्यामुळे थंड पेयांत मुख्यतः साखरच पडते. म्हणून "आमच्याकडे कॉर्न सिरप नाही, आम्ही सुटलो" असं काही जण म्हणतात. सुटलो कसले, साखरेतही निम्मं तेच.

आणि इन्व्हर्ट सिरप आहेच. गुलाबजामच्या पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून आई लिंबू पिळते ना, ते इन्व्हर्ट सिरपच करत असते. आंबट आणि उष्णता मिळाली की साखर फुटते, ग्लुकोज वेगळं, फ्रुक्टोज वेगळं. आम्ही सायट्रिक आम्ल घालून टाकीत करायचो. बिस्किटाला तांबूस रंग येतो, केक मऊ राहतो. पाकिटावर "इन्व्हर्ट सिरप" लिहिलेलं असतं, वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी रसायन. तुमच्या फ्रीजमधलं आंबट थंड पेयसुद्धा पडल्या पडल्या स्वतःतली साखर हळूहळू फोडत असतं.

उलट "लिक्विड ग्लुकोज" वाचून लोक जास्त घाबरतात. त्यात फ्रुक्टोज जवळपास नसतं. म्हणून ते चांगलं असं नाही, पण या धाग्यातला आरोपी तो नव्हे.

आतली गंमत सांगतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. साखर, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन असे तुकडे केले की प्रत्येक जण यादीत खाली सरकतो आणि वर दिसतो मैदा. म्हणून यादी सोडा, मागच्या चौकटीत "ॲडेड शुगर" किती ग्रॅम ते बघा.

---

टवाळ_टाळकं, बुधवार संध्याकाळी ७:३३

म्हणजे माझी आई गेली चाळीस वर्षं घरात केमिकल फॅक्टरी चालवतेय आणि आम्ही गुलाबजाम मागून मागून खातोय.

---

पथ्यपाणी, बुधवार रात्री ९:५०

मी आहारतज्ज्ञ, केमोचे रुग्ण रोज बघते. वरची चर्चा छान आहे, पण मला काळजी मावशींच्या ताटाची.

"गाठीला उपाशी मारू" म्हणून गोड, मग भात, मग पोळीही सोडणारे घरोघरी भेटतात. शरीर रक्तातलं ग्लुकोज पडू देत नाही. बाहेरून आलं नाही तर स्नायू मोडून यकृतात बनवतं. गाठ जेवते, माणूस वाळतो. वजन फार उतरलं की केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा तारीख पुढे जाते, आणि तो तोटा खरा असतो. ताई, मावशींचं वजन किती उतरलंय?

बऱ्याच केमोंसोबत स्टिरॉइड देतात. मधुमेह नसलेल्यांचीही साखर त्या दोन-तीन दिवसांत चढते, तेवढ्यापुरतं गोड आवरावं. मधुमेह असेल तर सगळंच गणित निराळं, तुमच्या डॉक्टरांशी बोला.

जागतिक आरोग्य संघटना ज्याला मोकळी साखर म्हणते त्यात वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रसही येतो. अख्खं फळ येत नाही. ही मोकळी साखर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत असावी, ते उत्तम. काळारामकाका, रसवंतीचा एक ग्लास म्हणजे तो सगळा कोटा. आणि केमोत तर तो रस नकोच, साखरेपेक्षा तिथल्या बर्फामुळे.

---

गोदाकाठची, गुरुवार रात्री ९:१५

आज सुट्टी टाकून मावशीकडे जाऊन आले. वजन ४ किलो उतरलंय. आणि एक गोष्ट दिसली, ती लिहायला लाज वाटतेय.

फळ बंद, चहा बिनसाखरेचा, शिरा बंद. हे सगळं कडक पाळतेय. पण पलंगाखाली खोकं. भेटायला येणारा प्रत्येक जण आजारी माणसाला म्हणून आंब्याच्या रसाचे छोटे टेट्रापॅक घेऊन येतो. तोंडाला लोखंडाची चव येते, पाणी घशाखाली उतरत नाही, म्हणून दिवसाला तीन सहज पिते. "हे हलकं असतं, यात कुठे साखर, हा ज्यूस आहे." मीही मागच्या महिन्यात एक खोकं दिलं होतं.

सातपूरकरांचं ऐकून मागची बाजू वाचली. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठा करावा लागला. पाणी, आंब्याचा गर, साखर. १०० मिलीला १३ ग्रॅम. २०० मिलीचा पॅक, म्हणजे २६. तीन म्हणजे ७८. पिपेटरावांच्या हिशोबाने निम्मं फ्रुक्टोज धरलं तर ३९ ग्रॅम.

एवढं फ्रुक्टोज द्राक्षातून घ्यायचं तर जवळजवळ अर्धा किलो द्राक्षं खावी लागली असती. तिला तीन मणी जात नाहीत.

---

बागाईतदार, गुरुवार रात्री ९:२८

!!!

---

सातपूरकर, गुरुवार रात्री ९:४०

ताई, लाज कसली. ते पाकीट तसंच बनवलेलं असतं. समोर आंबा केवढा, मागे अक्षर केवढं.

---

काळारामाजवळ, गुरुवार रात्री १०:०५

आमच्या हिच्या वेळी मीही तेच टेट्रापॅक आणत होतो. कोणी सांगितलंच नाही. असो.

---

पथ्यपाणी, गुरुवार रात्री १०:३०

काका, तेव्हा तुम्ही जे आणलंत ते प्रेमानेच आणलंत. आणि चार घोट गोडाने कुणाचं काही बिघडत नाही, तेवढं मनावर घेऊ नका.

ताई, खोकं एकदम बंद करू नका, तिच्या पोटात तेवढंच जातंय. बदली द्या. नागलीची पातळ पेज ताकात, चिमूट जिरं. मुगाचं कढण. चालत असेल तर अंडं, नसेल तर पेजेतच शेंगदाण्याचा कूट. पाण्यात लिंबू आणि पुदिना टाकला की लोखंडाची चव थोडी मरते. स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा देऊन बघा, काहींना फरक पडतो. द्राक्षं वाहत्या पाण्याखाली नीट धुवून, दुपारच्या जेवणानंतर, जातील तेवढी.

---

गोदाकाठची, रविवार दुपारी ४:५०

मावशीला मिलची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे दोष मालाचा नाही, गाड्या भरून एकदम आणण्याचा." द्राक्षवाल्यांच्या भाषेत तिने मला समजावलं.

पेज दोन दिवस आवडली, तिसऱ्या दिवशी "रोज काय तेच" म्हणून ओरडली. चार टेट्रापॅक शेजारच्या पोरांनी पळवले, त्यांच्या आईला मात्र मी सांगून ठेवलंय.

आज जेवणानंतर मुलाने आणलेल्या पेटीतला घड स्वतः धुतला. आठ मणी खाल्ले. नववा तोंडाशी नेऊन परत ठेवला आणि म्हणाली, "हा थॉमसन नाही, सोनाका आहे. पोरगा मला फसवतोय."